आवाहन : कूलर नको, चुना आणि तणस द्या

सस्नेह नमस्कार.

गावच्या दूध उत्पादक संस्थेकडून हे आवाहन करतो आहोत. मागच्या उन्हाळ्यात दूध घटलं तेव्हा नागपुरातल्या काही भल्या माणसांनी जुने कूलर देऊ केले. आम्ही ते आनंदाने घेतले आणि तिथेच चुकलो. बंद कोठ्यात, म्हणजे गुरांच्या गोठ्यात, कूलर लावला की हवा दमट होते. जनावर धापा टाकून, श्वासावाटे ओल सोडून अंग निववतं. कोंडलेल्या दमट हवेत तेही साधत नाही. शिवाय लाइन गेली की कूलर म्हणजे नुसता डबा.

खरा ताप वरच्या पत्र्याचा आणि खालच्या कोब्याचा. मे महिन्यात पारा 45 च्या वर चढतो तेव्हा भरदुपारी पत्र्याखाली उभं राहून बघा. आणि रात्री दहाला कोब्यावर तळहात टेका. पत्रा केव्हाच निवलेला असतो, कोबा मात्र अजून कोमट. गाय एरवी दिवसाचे दहा-बारा तास बसून काढते. तापल्या कोब्यावर ती बसत नाही, उभ्यानेच रात्र काढते. सकाळी ते बादलीत दिसतं, पुढे खुरांत. म्हशीचं निराळंच. काळी कातडी, घाम कमी, डुंबायला पाणी नाही. मग ती आपल्याच शेणामुताच्या ओलीत बसते आणि कासेला दगडी होते, म्हणजे कास सुजून कडक होते.

कोबा धुवायला सोपा म्हणून आपणच हौसेने घातला, हे कबूल. आता तो फोडायचा नाही. कोठ्याला लागून मुरमाचं मोकळं आवार करायचं आणि रात्री जनावरं तिथे सोडायची. पत्र्याला बाहेरून चुन्याचे दोन हात द्यायचे. चुन्यात डिंक घातला की तो लवकर सुटत नाही. ज्यांना जमेल त्यांनी पत्र्यावर तणस (धानाचा पेंढा) किंवा पऱ्हाटीचा (कापसाच्या वाळल्या झाडांचा) थर द्यावा, पण विजेच्या तारेपासून लांब, आणि दुपारी पाणी मारायची तयारी असेल तरच. सुकं तणस पेटायला एक ठिणगी पुरते.

म्हणून मागणी साधी आहे. मौदा-रामटेककडच्या धानवाल्यांनी तणस द्यावं, काटोल-सावनेरकडच्यांनी पऱ्हाटी. ट्रॅक्टरवाल्यांनी मुरमाच्या एक-दोन खेपा टाकाव्यात. शहरातल्या मंडळींनी चुना, डिंक, हिरवी जाळी किंवा रोख मदत द्यावी. जुने बारदानेही चालतील, ओले करून पश्चिमेच्या बाजूला लावता येतात. मात्र चारही बाजू बंद करू नका, वारा खेळलाच पाहिजे. रोख रकमेची पावती मिळेल आणि हिशेब संकलन केंद्राच्या फळ्यावर लावू.

नवतप्याचे नऊ कडक उन्हाचे दिवस लागायच्या आत, म्हणजे 25 मेच्या आधी, सगळे कोठे उरकायचे आहेत. सुरुवात विधवा आणि भूमिहीन सभासदांच्या कोठ्यांपासून. श्रमदानाला दर रविवारी सकाळी 6 वाजता संकलन केंद्रासमोर जमू. येताना घमेलं, फावडं आणि डोक्याला दुपट्टा आणा. 10 च्या पुढे कोणालाही पत्र्यावर चढू देणार नाही.