पेठेतल्या मेसवाल्या कोणत्या यादीत बसतात?

मा. संपादक साहेब,
सप्रेम नमस्कार.

१३ एप्रिल २०२१ ला रात्री मुख्यमंत्र्यांचं भाषण आम्ही घरचे सगळे टीव्हीसमोर बसून ऐकत होतो. कोरोनामुळे पुन्हा सगळं बंद होणार हे कळलंच होतं, पण मदत कोणाकोणाला मिळणार ते ऐकायचं होतं. परवाना असलेल्या रिक्षावाल्यांना दीड हजार, नोंदणी असलेल्या घरेलू कामगारांना दीड हजार, बांधकाम कामगारांना, फेरीवाल्यांना, आणि सरकारची स्वस्तातली शिवभोजन थाळी महिनाभर फुकट. हे सगळं बरोबरच आहे, त्यांना मिळायलाच पाहिजे. पण भाषण संपलं तरी आमचं नाव काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी पेपरात पूर्ण यादी आली ती मुलीला मोठ्याने वाचायला लावली, त्यातही नाही. सासूबाई म्हणाल्या, अगं मग खानावळवाले कशात धरतात? मला उत्तर देता आलं नाही म्हणून हे पत्र लिहायला घेतलं.

मी पुण्यात नवी पेठेत मेस चालवते, १४ वर्षं झाली. तळमजल्यावर दोन खोल्या भाड्याच्या, वरती आम्ही राहतो, मी, मिस्टर, सासूबाई आणि मुलगी. बसून जेवणारे आणि डबा नेणारे मिळून साठ-पासष्ट पोरं-पोरी, जवळजवळ सगळे एमपीएससीवाले, म्हणजे राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षांची तयारी करणारे. बीड, परभणी, नांदेड, बुलढाणा, यवतमाळ, कुठून कुठून येतात, एका खोलीत चौघं-पाचजण कॉट बेसिसवर, म्हणजे एका कॉटपुरतं भाडं देऊन राहतात, दिवसभर अभ्यासिकेत आणि दोन टाइम जेवायला आमच्याकडे. महिन्याचं कार्ड, रविवारी सकाळी फीस्ट आणि संध्याकाळी सुट्टी, खाडा असेल तर आदल्या दिवशी सांगायचा म्हणजे पैसे वजा होतात. मिस्टर रजिस्टरमध्ये सगळ्यांचे खाडे लिहितात. नवी पेठ, सदाशिव पेठ, नारायण पेठ, कुठल्याही गल्लीत शिरा, अशा मेस सापडतील, बहुतेक बायकाच चालवतात, बाहेर बोर्ड नसतो, पोरं एकमेकांना सांगून आणतात.

मागच्या वर्षी ५ एप्रिलला एमपीएससीची राज्यसेवेची पूर्व परीक्षा होती, त्यामुळे मार्चमध्ये मेस फुल होती. ९ तारखेला पुण्यात पहिले दोन पेशंट सापडले, मग शाळा-कॉलेज बंद झाली, तरी आमची पोरं हलली नाहीत, परीक्षा तोंडावर आलेली, जाणार कुठे. २० तारखेनंतर मात्र धावपळ सुरू झाली, घरून फोन यायला लागले आणि दोन दिवसात निम्म्याहून जास्त पोरं गेली. जाताना पुस्तकं नेता येईनात म्हणून पोत्यात भरून आमच्या जिन्याखाली ठेवून गेली, काकू पंधरा दिवसात येतो म्हणाली. मुलीचा दहावीचा एकच पेपर राहिला होता, भूगोलाचा, २३ तारखेला, तो आधी पुढे ढकलला आणि नंतर रद्दच केला. तिने नकाशावही पुढे कितीतरी दिवस टेबलावर तशीच उघडी ठेवली होती.

२५ मार्चला गुढीपाडवा आणि त्याच दिवशी २१ दिवसांचं लॉकडाऊन लागलं. दुकानं बंद, गाठी कुठे मिळेना, मग सासूबाईंनी कापडात खडीसाखर बांधून ती गुढीला लावली. आमच्या आसपासच्या खोल्यांमध्ये नऊ पोरं अडकली होती, त्यातली पाच आमची, चार दुसऱ्या मेसची, ती मेस बंद झालेली. मी मिस्टरांना म्हटलं नऊजणांचं काय होतंय, करूया. सकाळी गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे, पोलीस उभे, मार्केट यार्ड मध्येच बंद झालं, भाजी मिळाली तर मिळाली. पंधरा दिवस सलग कधी मूगडाळ, कधी मटकी, कधी पिठलं. एका पोराने पण एक शब्द काढला नाही. पैसे ज्याच्याकडे होते त्याने दिले, नव्हते त्याने नंतर देतो म्हणून सांगितलं आणि सगळ्यांनी नंतर दिले हे मला इथे लिहायचंच आहे. एकजण हिंगोलीकडचा, तो नोव्हेंबरमध्ये कापूस विकल्यावर फोनवरून पैसे पाठवून मोकळा झाला, मी तर विसरून पण गेले होते. मे महिन्यात एसटी सोडल्या तेव्हा ही पोरं पण गावाला गेली, आणि मेस खऱ्या अर्थाने तेव्हा बंद झाली.

नंतरचे महिने कसे गेले ते सांगते. चौदा वर्षं साठ माणसांचा अंदाज हातात बसलेला, चौघांचा स्वयंपाक करायला घेतला की कणीक जास्त भिजायची, आमटीत मीठ जास्त पडायचं. मुठीने मीठ टाकायची सवय, ती चमच्यावर यायला महिना लागला. मोठी पातेली फळीवर उपडी घालून ठेवली, सासूबाई दर अमावास्येला ती खाली काढून चिंच लावून घासायच्या, मी म्हणायचे आई कशाला, त्या म्हणायच्या भांडं पडून राहिलं की काळं पडतं. पोळ्या लाटायला दोन मावश्या होत्या, एक दांडेकर पुलाजवळ राहायची, तिची वस्ती सील झाली, दुसरी गावाला निघून गेली ती अजून आलेली नाही. पहिल्या मावशींना आम्ही जूनपर्यंत अर्धा पगार दिला, पुढे नाही देऊ शकलो, ते अजून मनाला लागून आहे. त्यांची कुठेच नोंदणी नाही, त्यामुळे हे आत्ताचे दीड हजारसुद्धा त्यांना मिळणार नाहीत.

खालच्या खोल्यांचं भाडं मालकांनी तीन महिने अर्धं घेतलं, देव त्यांचं भलं करो. लाइट बिल मात्र जूनमध्ये तीन महिन्यांचं एकदम आलं, सरासरी काढून, आणि ती सरासरी मेस चालू असतानाची, फ्रीज आणि मिक्सर बंद असलेल्या खोलीचं एवढं बिल कसं म्हणून मिस्टर चार वेळा हेलपाटे घालून आले. शेवटी हप्ते करून भरलं. माझ्या बांगड्या बँकेत ठेवल्या त्या अजून तिथेच आहेत.

आता परीक्षेचं सांगते, कारण लोकांना वाटतं परीक्षा पुढे गेली तर विद्यार्थ्यांचं नुकसान, आमचा त्यात काय संबंध. संबंध असा की परीक्षेची तारीख हाच आमचा पगार आहे. ५ एप्रिलची परीक्षा २६ एप्रिलवर गेली, मग १३ सप्टेंबर, त्या दिवशी मेडिकलची ‘नीट’ परीक्षा होती म्हणून २० सप्टेंबर, मग ११ ऑक्टोबर, ती दोन दिवस आधी पुढे ढकलली, मग १४ मार्च २०२१. प्रत्येक तारखेच्या आधी महिनाभर पोरांचे फोन यायचे, काकू चालू करताय ना, आम्ही येतोय. प्रत्येक वेळेला आम्ही गहू, तांदूळ, तेल भरायचो, कमर्शियल सिलिंडर लावायचो, वीस-पंचवीस पोरं जमायची आणि मग तारीख जायची. पोरं परत गावाला, नाहीतर इथेच खोलीचं भाडं भरत आणि एका टाइमाचं जेवण सोडून देत. दोन टाइमवाले एक टाइम झाले की मी काय ते समजायचे, विचारायचे नाही, डब्यात एक पोळी जास्त घालायचे.

सप्टेंबरमध्ये अशीच मेस थोडी चालू केली होती, पार्सलच फक्त, आणि मिस्टरांना ताप आला. टेस्ट पॉझिटिव्ह, मग माझी पण. सासूबाई आणि मुलगी निगेटिव्ह, त्यांना वरच्या खोलीत ठेवलं आणि आम्ही दोघं खाली मेसमध्ये, जिथे पोरं जेवायला बसतात तिथे गाद्या टाकून सतरा दिवस. डबे देणं त्याच दिवशी बंद केलं आणि प्रत्येक पोराला मी स्वतः फोन करून सांगितलं की बाबा टेस्ट करून घे. सासूबाई ७६ वर्षांच्या, त्या आमच्यासाठी स्वयंपाक करून जिन्याच्या चौथ्या पायरीवर ताट ठेवायच्या आणि वर जाऊन हाक मारायच्या. एवढी वर्षं मी त्यांना गॅससमोर उभं राहू दिलं नव्हतं.

त्यात माझा वास गेला तो अडीच-तीन महिने आला नाही. ज्या बाईचं पोट फोडणीवर चालतं तिला हिंग आणि पाणी सारखंच लागायला लागलं तर तिने काय करावं? मोहरी जळली तरी कळायचं नाही, दूध उतू गेलेलं कळायचं नाही. दिवाळीनंतर थोडी पोरं आली तेव्हा मुलगी फोनवर अकरावीचं ऑनलाइन लेक्चर लावून, एका कानात इयरफोन घालून माझ्या शेजारी उभी राहायची आणि सांगायची, आई आता लसूण लाल झाला, आता बंद कर. तिची अकरावीची अॅडमिशनच थेट हिवाळ्यात झाली होती, कॉलेजचा वर्ग तिने अजून बघितलेला नाही. डिसेंबरच्या मध्यावर एका सकाळी कोथिंबीर निवडताना वास आला. मी जुडी तशीच तोंडाला लावून बसले होते, मिस्टर घाबरले काय झालं म्हणून.

फेब्रुवारीत वाटलं आता लागली गाडी मार्गाला. पंचेचाळीस पोरं झाली होती. आणि ११ मार्चला दुपारी बातमी आली की १४ ची परीक्षा पुढे ढकलली. तीन दिवस आधी! दहा मिनिटात शास्त्री रोड पोरांनी भरून गेला, आमच्या खिडकीतून आवाज ऐकू येत होता, त्यातली निम्मी तोंडं माझ्या ओळखीची. रात्रीचे डबे भरून ठेवलेले, एकही न्यायला आला नाही. मिस्टर नऊ वाजता पिशव्यांमध्ये डबे घालून रस्त्यावर गेले आणि जी पोरं दिसतील त्यांना देऊन आले, आमची, दुसऱ्यांची, काही बघितलं नाही. ते सांगत होते की एक पोरगा घास हातात धरून रडत होता, त्याचं परीक्षेला बसायचं वय संपत आलेलं, त्याचा शेवटचा चान्स. त्या रात्री मुख्यमंत्र्यांनी आठ दिवसात परीक्षा घेऊ म्हणून सांगितलं आणि २१ मार्चला खरंच झाली. दोनशे जागा आणि अर्ज अडीच लाखांच्या वर. आमच्या मेसमधून ३८ जण पेपरला गेले, सकाळी साडेसहाला पोहे करून दिले सगळ्यांना.

त्यानंतर तीन आठवड्यात पुन्हा तेच. ११ एप्रिलची एमपीएससीचीच संयुक्त परीक्षा ९ तारखेला पुढे ढकलली. ह्या वेळेला मी परीक्षा घ्याच असं म्हणत नाही, ऑक्सिजन मिळेना, बेड मिळेना, आमच्याच गल्लीतल्या दोन घरातली माणसं गेली, परीक्षा थांबवली ते बरोबरच केलं. पण थांबवताना दोन दिवस आधी का? आकडे मार्चपासूनच वाढत होते. पोरं गावाहून तिकिटं काढून आलेली, त्यात कोण आजारी पडलं तर खोलीत चौघं, वेगळं राहायला जागा नाही. आत्ता ह्या क्षणी आमच्याकडची सहा पोरं पॉझिटिव्ह आहेत, त्यांचे डबे मिस्टर दाराबाहेर ठेवून येतात, मऊ भात आणि वरण. पैसे मी मागितलेले नाहीत.

संपादक साहेब, माझं मागणं दोनच गोष्टींचं आहे आणि ते तुम्ही छापावं ही विनंती. एक म्हणजे आम्हाला मोजा. आमची नोंद नाही असं कोणी म्हणत असेल तर ते खरं नाही, माझ्याकडे फूडचं रजिस्ट्रेशन आहे, वर्षाला १०० रुपये भरते, नंबर आहे, अन्न व औषध प्रशासनाकडे नाव, पत्ता सगळं आहे. ज्यांच्याकडे नसेल त्यांचं वॉर्डावॉर्डात दोन दिवस टेबल टाकून करून घ्या, लगेच होईल. पोळ्या लाटणाऱ्या बायकांची नोंदणी पण त्याच टेबलावर करा, त्या घरेलू कामगारात बसत नाहीत आणि हॉटेल कामगारातही कोणी धरत नाही. दीड हजाराने आमचं कर्ज फिटणार नाही हे मला कळतं, पण यादीत नाव असलं तर उद्या कर्जाचा हप्ता थांबवायचा असेल, लाइट बिलाचं काही ठरवायचं असेल तर निदान कोणाला विचारायचं ते तरी कळेल.

दुसरं म्हणजे परीक्षेची नवी तारीख देताना एकदाच विचार करून द्या आणि बदलायची वेळ आली तर पंधरा दिवस आधी सांगा. पंधरा दिवसात पोरगा गावाला परत जाऊ शकतो, मी किराणा कमी भरू शकते, खोलीमालकाशी बोलता येतं. दोन दिवसात कोणालाच काही करता येत नाही.

आणि जागा असेल तर एवढं अजून छापा, आमची पोरं कुठेही असली तरी मोबाइलवर तुमचा पेपर वाचतात. जिन्याखाली पुस्तकांची अकरा पोती होती, चार मागच्या मार्चपासूनची. पावसाळ्याच्या आधी मिस्टरांनी सगळी वर पोटमाळ्यावर चढवली आहेत, खाली प्लास्टिक टाकलंय, डांबरगोळ्या घातल्यात, पोत्यांवर नावं आहेत. ज्याने परीक्षा सोडली असेल त्याने पण येऊन घेऊन जावं किंवा फोन करून सांगावं कोणाला द्यायचं ते, नवीन येणाऱ्या पोरांना पुस्तकं महाग पडतात.

कळावे,
नवी पेठेतल्या एका मेसच्या काकू, पुणे
२४ एप्रिल २०२१