वाईच्या बाजारातील त्या दोघांचे मनःपूर्वक आभार

जागतिक मधमाशी दिनानिमित्त २० मे रोजी वाईच्या बाजारात आम्ही लोकांना परागीभवनाची माहिती देत असताना अचानक वळीव कोसळला, मांडव एका बाजूने खचला आणि सातेरी जातीच्या मधमाश्यांची जिवंत वसाहत असलेली काचेची पेटी मेजावरून घसरू लागली. ती कलंडली असती, तर पोळी तुटून राणीमाशीही चिरडली गेली असती. शेजारी पोती उतरवणाऱ्या हमालदादांनी धावत येऊन ती दोन्ही हातांनी सरळ तोलून धरली आणि मनगटावर माश्या चालत असतानाही पाऊस ओसरेपर्यंत जराही हलू दिली नाही. भाजीवाल्या मावशींनी तर स्वतःचा माल भिजू देऊन त्यावरची ताडपत्री पेटीवर धरली.

आमचे फलक भिजून निकामी झाले, तेव्हा याच मावशींनी टोपलीतील वाकडी काकडी गिऱ्हाइकांना दाखवून, फुलावर माशी नीट फिरली नाही की फळ असे एका अंगाने खुरटते, म्हणून पीक फुलोऱ्यात असताना औषध मारायचेच झाले तर ते संध्याकाळी, माश्या परतल्यावर मारावे, हे आमच्या फलकांपेक्षा सोप्या शब्दांत समजावले. दोघांचीही नावे आम्हाला ठाऊक नाहीत. वसाहत सुखरूप आहे, हे त्यांना कळावे; आम्हा सर्व कार्यकर्त्यांतर्फे त्यांचे मनापासून आभार.