दुष्काळ मोजताना ऊनही मोजा

संपादक महोदय,

उन्हाळ्यात उष्णतेच्या लाटेची बातमी एका पानावर येते आणि पाणीटंचाईची दुसऱ्या, त्यामुळे ही दोन निरनिराळी संकटे आहेत असा वाचकाचा समज होतो. कोरडवाहू शेताच्या बांधावर मात्र ती एकच असतात. दोन वर्षे पाऊस अगदी सारखा झाला, तरी ज्या वर्षी ऊन अधिक कडक असते त्या वर्षी जमिनीतली ओल लवकर संपते. कारण तापमान एका अंशाने वाढले की हवेची बाष्प सामावून घेण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते आणि ती वाढीव तहान हवा माती, तलाव आणि पिकाच्या पानांवर भागवते.

कोरड्या प्रदेशात ऐन उन्हाळ्यात उघड्या पाण्याची पातळी दिवसाला १० मिलिमीटर उतरणे नवलाचे नाही. एक हेक्टर पसरलेल्या तलावातून हे रोजचे एक लाख लिटर पाणी झाले, तेही कोणी पंप न लावता. भारी जमिनीला तर हात जाईल एवढ्या भेगा पडतात आणि गरम वारा थेट खालच्या ओलीला भिडतो. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ असे जुने शेतकरी उगाच म्हणत नसत. कोळप्याने तण निघते, तशा भेगाही बुजतात.

मका फुलोऱ्यात असताना पारा ३५ अंशांच्या बराच पुढे गेला की परागकण निकामी होऊ लागतात. मग आठवड्याने चांगला पाऊस झाला तरी कणसात दाणा भरत नाही; पर्जन्यमानाच्या तक्त्यात मात्र सारे आलबेल दिसते. १९९३ मध्ये मांडलेला प्रमाणित पर्जन्य निर्देशांक केवळ पाऊस पाहतो, तर २०१० मध्ये पुढे आलेला निर्देशांक पावसातून बाष्पीभवनाची मागणी वजा करतो. मदतीचे निकष ठरवताना या दुसऱ्या पद्धतीला वजन मिळावे, एवढीच मागणी आहे.

आपल्या हातात असलेली एक गोष्टही सुचवतो. सुमारे चार फूट व्यासाच्या पत्र्याच्या पात्रातले पाणी रोज किती उतरले, याची नोंद कृषी हवामान केंद्रे पूर्वीपासून ठेवतात. तो आकडा आपण कमाल तापमानाशेजारी रोज छापावा.

आपला,
एक वाचक