डॉक्टर तीनच असले तर बाकीचे नऊ कोण, ते पाहा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पत्रव्यवहाराच्या सदरात गेल्या आठवड्यात एका वाचकांनी रास्त शंका विचारली. आरोग्य धोरणावर काम करणाऱ्या एका स्वयंसेवी संस्थेच्या माहितीपत्रकात बारा जणांची नावे आहेत आणि त्यांत एमबीबीएस झालेले तिघेच. बाकीच्यांत कोणी संख्याशास्त्राचे, कोणी वकील, कोणी एमएसडब्ल्यू (समाजकार्य), एक तर नुसते बी.कॉम. मग हे लोक शासनाला आरोग्यावर सल्ला कशाच्या जोरावर देतात, असा त्यांचा सवाल आहे. मिरजेच्या सावलीत वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून वॉनलेस रुग्णालय, 1962 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि गल्लोगल्ली दवाखाने. आपल्याकडे आरोग्य म्हणजे डॉक्टर हे समीकरण पक्के बसले आहे. पण धोरणाचे काम रुग्णाच्या खाटेपाशी होत नाही. ते रजिस्टरात, अर्थसंकल्पाच्या रकान्यात आणि शासन निर्णयाच्या पोटकलमात होते, म्हणून तिथे लागणारी माणसे वेगळी असतात. या कामाशी रोजचा संबंध असल्याने थोडे सविस्तर लिहितो.

आधी पदव्यांचा घोळ. एमबीबीएसनंतर पीएसएम, म्हणजे सामुदायिक वैद्यकशास्त्र, या विषयात एमडी करणारा डॉक्टरच असतो. एमपीएच ही सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी मात्र अनेक संस्थांत कोणत्याही शाखेच्या पदवीधराला घेता येते. बीएएमएस, बीडीएस, नर्सिंग, समाजशास्त्र, अगदी वाणिज्य शाखेचेही लोक ती घेतात. त्यामुळे नावापुढे एमपीएच दिसले की डॉक्टर समजू नये आणि डॉक्टर नाही म्हणून कमीही लेखू नये. जामखेडला 1970 साली काम उभे करणारे डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे आणि गडचिरोलीचे डॉ. अभय व डॉ. राणी बंग हे चौघेही डॉक्टर, पण सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण त्यांनी वेगळे घेतले होते. गडचिरोलीतली घरोघरी नवजात बाळाच्या काळजीची पद्धत पुढे देशाच्या धोरणात गेली. तिच्यामागे औषधोपचार होताच, पण 39 गावांत काम करायचे, दुसऱ्या 47 गावांशी तुलना करायची आणि दोन्हीकडचा एकेक जन्म, एकेक मृत्यू सुटू न देता नोंदवायचा, ही शिस्तही होती. मोजणी ढिली असती तर सरकारने ऐकून घेतले नसते.

मोजणी म्हणजे बेरीज-वजाबाकी, असे समजणारे पुष्कळ आहेत. दोन लाख वस्तीचा एक तालुका घ्या. हजारी 15 जन्मदर धरला तर वर्षाला 3,000 बाळंतपणे. त्या वर्षी एकही माता दगावली नाही तर मातामृत्यूचे प्रमाण शून्य. एक दगावली तर लाख जन्मांमागे 33, आणि 2018-20 या काळाचा महाराष्ट्राचा आकडाही 33 च आहे. दोघी दगावल्या तर एकदम 67. म्हणजे एका मृत्यूने तालुका 'आदर्श' वरून 'सरासरी' वर येतो आणि दुसऱ्याने 'धोक्याच्या यादीत' जातो. प्रत्येक मातेचा मृत्यू का झाला, हे तपासलेच पाहिजे, त्याबद्दल दुमत नाही. पण एका वर्षाच्या तालुक्याच्या आकड्यावरून 'प्रमाण दुप्पट झाले' असा मथळा देणे चूक आहे. केंद्राच्या नमुना नोंदणी पाहणीत (एसआरएस) हा आकडा तीन वर्षे एकत्र करून काढतात आणि जिल्ह्याचा देतच नाहीत, ते याच कारणाने. संस्थेत संख्याशास्त्राचा माणूस नसेल तर असा मथळा अहवालात जातो, आणि मग तिथल्या तालुका आरोग्य अधिकाऱ्याला विनाकारण खुलासे द्यावे लागतात.

हाच माणूस आणखी एक गोष्ट पाहतो. बाळंतपणाच्या रजिस्टरातली वजने एका कागदावर मांडली की काही ठिकाणी 2.5 किलोवर मोठा ढीग दिसतो, 2.4 आणि 2.3 जवळजवळ रिकामे. 2.5 च्या खाली गेले की बाळ कमी वजनाचे ठरते, पाठपुराव्याचे काम वाढते, म्हणून आकडा वर सरकवलेला असतो. किंवा काटाच अर्ध्या-अर्ध्या किलोच्या खुणांचा असतो. कारण कोणते, ते केंद्रावर जाऊन काटा पाहिल्याशिवाय सांगता येत नाही. रक्तदाबाचेही तसेच. यंत्राच्या खुणा दोन-दोनच्या असतात, तेव्हा शून्यावर संपणारे आकडे साधारण पाचात एक यावेत. निम्म्याहून जास्त शून्यावर संपत असतील तर मोजणी अंदाजाने झाली आहे, किंवा फॉर्म घरी बसून भरले आहेत. फॉर्ममागे पैसे देण्याची पद्धत असेल तर हे हमखास होते.

आता औषधांकडे या. 'केंद्रात गोळ्या नाहीत' ही तक्रार प्रत्येक ग्रामसभेत येते आणि डॉक्टर त्यावर 'वरून पुरवठा नाही' म्हणतात. औषधनिर्माण अधिकारी म्हणून काम केलेला माणूस मात्र आधी साठा नोंदवही उघडतो. समजा रक्तदाबावरच्या अम्लोडिपिनच्या गोळ्या तीन महिन्यांत 3,000 वाटल्या गेल्या. मागणीपत्र करताना तिनाने भागून महिन्याची गरज 1,000 लिहिली. पण नोंदवहीवरून दिसते की साठा 90 पैकी 45 दिवसच शिल्लक होता, बाकीचे दिवस डबा रिकामा. खरी गरज महिन्याला 2,000 ची. मागणीच निम्मी गेली, तर पुढच्या तिमाहीतही गोळ्या मध्यावरच संपणार, आणि पुन्हा तोच आकडा वर जाणार. यात ना कोणी चोरी केली, ना कोणी अडवणूक केली, भागाकार चुकला. मागणीपत्रात 'साठा नसलेले दिवस' असा एक रकाना वाढवा, ही शिफारस अशाच माणसाला सुचते. ती करायला खर्च लागत नाही. आमच्या मते धोरण संस्थांत सर्वांत कमी दिसणारी आणि सर्वांत उपयोगी पडणारी पार्श्वभूमी हीच आहे.

बी.कॉम.वाल्यांचे काम काय, असे वाचकांनी खास विचारले आहे. राज्याच्या अर्थसंकल्पात एकाच बाबीसमोर अर्थसंकल्पीय अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष रकमा अशा नोंदी असतात. प्रत्यक्षाचा आकडा दोन वर्षांपूर्वीचा असतो. घाईत वाचणारा चालू वर्षाचा अंदाज घेऊन 'एवढे कोटी खर्च झाले' असे लिहून मोकळा होतो. आरोग्याचा पैसाही एका जागी नसतो. 2210 या मुख्य लेखाशीर्षात वैद्यकीय व सार्वजनिक आरोग्य, 2211 मध्ये कुटुंब कल्याण, 4210 मध्ये इमारतींसारखा भांडवली खर्च. शिवाय राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा केंद्र-राज्य 60:40 वाटा आणि जिल्हा नियोजन समितीचा निधी वेगळाच. त्याहून बारीक गोम अशी की जिल्हा परिषदेला निधी वर्ग झाला की राज्याच्या वहीत तो खर्च पडतो. जिल्हा परिषदेला तो वापरायला दोन वर्षे मिळतात. तेव्हा मंत्रालयाचा कागद 'शंभर टक्के खर्च' म्हणतो आणि उपकेंद्राच्या छपराचे काम निविदेतच अडकलेले असते. दोन्ही कागद खरे. ते शेजारी ठेवून वाचायला हिशेबाची नजर लागते, डॉक्टरी नव्हे.

कायद्याच्या आणि कागदपत्रांच्या माणसाबद्दल थोडक्यात. शासन निर्णय मराठीत निघतात, सुधारित होतात, अधिक्रमितही होतात. रद्द झालेल्या निर्णयाचा आधार घेतलेला अहवाल अधिकारी पहिल्याच पानावर बाजूला ठेवतात आणि ते बरोबरच आहे. माहिती अधिकाराचा अर्ज महाराष्ट्रात एका विषयापुरता आणि 150 शब्दांत बसवावा लागतो. पाच विषय एकत्र घातले तर अधिकारी पहिल्याच विषयाचे उत्तर देऊन बाकीच्यांसाठी वेगळे अर्ज करायला सांगू शकतो, आणि 30 दिवस वाया. गर्भलिंगनिदानाच्या कायद्यात न्यायालयात तक्रार नागरिकालाही करता येते, पण कायदा राबवणाऱ्या समुचित प्राधिकाऱ्याला किमान 15 दिवसांची नोटीस दिल्यानंतर. आपल्या सांगली जिल्ह्यात हा विषय किती नाजूक आहे ते 2017 च्या म्हैसाळच्या स्त्रीभ्रूणहत्या प्रकरणानंतर वेगळे सांगायला नको. तिथे एक पायरी चुकली तर आरोपी तांत्रिक मुद्द्यावर सुटतो.

राहिला एमएसडब्ल्यू झालेला क्षेत्र-कार्यकर्ता. त्याचे काम सर्वांना सोपे वाटते आणि सर्वांत जास्त चुका तिथेच होतात. जत तालुक्यात जानेवारीत सर्वेक्षण लावले तर पुष्कळ घरांना कुलूप असते, कारण माणसे ऊसतोडीला गेलेली असतात. कार्यकर्ता शेजारचे उघडे घर घेतो, फॉर्मची संख्या पूर्ण होते आणि नमुन्यातून नेमकी गरजू घरे गळतात. मग अहवाल सांगतो की लसीकरण चांगले आहे, गरोदरपणातील तपासण्या चांगल्या आहेत. गुढीपाडव्यानंतर तेच सर्वेक्षण केले तर चित्र वेगळे दिसू शकते. दुसरी अडचण भाषेची. जतच्या पूर्व भागात घरातली भाषा कन्नड आहे. बाई मराठीतला प्रश्न समजते, 'हो' किंवा 'नाही' म्हणते आणि थांबते. पाळीचा त्रास, गर्भपात, सासरचा दबाव यावर कोणी परक्या भाषेत बोलत नाही. तिकडे कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयाकाठी तापोळा-बामणोली भागात लाँचच्या वेळा ठाऊक नसलेला कार्यकर्ता दिवसाला दोन घरेसुद्धा करू शकत नाही. डोंगरी भागात 3,000 लोकसंख्येला एक उपकेंद्र हा निकष कागदावर पुरा दिसतो, पण पलीकडच्या काठावरून तिथे पोचायला किती वेळ लागतो, ते निकषात नाही.

खर्च बाजूची एक गोष्ट वाचकांना माहीत असावी. परदेशी देणगी घेणाऱ्या संस्थांना 2020 च्या दुरुस्तीनंतर त्या निधीतला प्रशासकीय खर्च 20 टक्क्यांच्या आत ठेवावा लागतो. आधी ही मर्यादा 50 टक्के होती. संशोधन वा प्रशिक्षण हेच मुख्य काम असलेल्या संस्थेत क्षेत्रातली माहिती गोळा करणाऱ्यांचे व तिचे विश्लेषण करणाऱ्यांचे वेतन त्यात धरत नाहीत, व्यवस्थापनातल्यांचे धरतात. त्याच दुरुस्तीने तो पैसा दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करायलाही बंदी आली. पूर्वी पुण्या-मुंबईची संस्था जतच्या एखाद्या छोट्या संस्थेला काम आणि पैसे देऊ शकत असे. आता स्थानिक माणूस हवा तर त्याला स्वतःच्या पटावर घ्यावे लागते. घेतले नाही की अहवालातून कन्नड बोलणारी कार्यकर्ती नाहीशी होते, आणि ते माहितीपत्रकावरून कळतही नाही.

त्यामुळे वाचकांच्या शंकेशी आम्ही एका बाजूने सहमत आहोत. त्या बारा नावांत तीनच डॉक्टर असणे हा दोष नाही, पण शासनाच्या आरोग्य खात्यात खालच्या पायरीवर काम केलेले कोणीच नसेल तर तो मोठा दोष आहे. निवृत्त आरोग्य सहाय्यिका, औषधनिर्माण अधिकारी, तालुका कार्यालयात वर्षानुवर्षे मासिक अहवाल भरलेला कर्मचारी, यांना सल्लागार म्हणून चार दिवस बोलावतात, पटावर घेत नाहीत. घेतले तर एक पथ्य पाळायला हवे: ज्या केंद्राचे अहवाल त्यांनी स्वतः सह्या करून पाठवले, त्याच केंद्राची तपासणी त्यांच्याकडे देऊ नये.

आपल्या वृत्तपत्राला विनंती की अशा संस्थेच्या अहवालाची बातमी छापताना सोबत चार ओळी द्याव्यात. आकडेवारी कोणी तपासली, हिशेब कोणी वाचला, गावात कोण आणि कोणत्या महिन्यात गेले, आणि त्यांपैकी कोणाचा औषध कंपनीशी वा खासगी रुग्णालयाशी चालू आर्थिक संबंध आहे का. पदव्यांची यादी नसली तरी चालेल. आणि अहवाल जतचा असेल तर संख, उमदीकडच्या घरांत कन्नडमध्ये प्रश्न कोणी विचारले, तेही विचारून घ्यावे.

आपले,
सार्वजनिक आरोग्य क्षेत्रातील काही वाचक, सांगली