चार ओळींत मावत नाहीत, म्हणून तुला

कोल्हापूर,
रविवार, दुपार

प्रिय दोस्ता,

स. न. वि. वि. लिहिणार होतो, पण ते वाचून तू फिदीफिदी हसशील, म्हणून राहू दे.

दिवाळीच्या सुट्टीत आपल्या दहावीच्या बॅचचं गेट-टुगेदर ठरलंय, हे ग्रुपवर वाचलं असशीलच. स्मरणिका काढायची आहे, आणि जे गेले त्यांच्यावर प्रत्येकी चार ओळी लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. "तुझं मराठी चांगलं हाय की," असं म्हणून सगळे मोकळे झाले. वर एकानं नमुनाही पाठवला: 'मनमिळाऊ, हसतमुख, सदैव मदतीस तत्पर.' आता सांग, ही ओळ गोलीच्या फोटोखाली छापली तर तो वरनं खाली येऊन माझी गचांडी धरणार नाही का?

गोली आणि हसतमुख! मॅचमध्ये गोल खाल्ला की दोन-दोन दिवस घरात जेवायचा नाही. शाहू स्टेडियमच्या मैदानावर डाइव्ह मारून मारून कोपरं कायम सोललेली. त्यावर हळद दाबायचा आणि तसाच पहिल्या तासाला येऊन बसायचा. त्याच्या भूगोलाच्या वहीत नकाशांपेक्षा हळदीचे डाग जास्त. पेठेच्या संघात पहिल्या अकरात त्याला कधी जागा मिळाली नाही, बाकावरच बसून राहिला, पण सराव चुकवला नाही. पुढं रिक्षा घेतली तेव्हा मागच्या काचेवर संघाचं नाव लिहिलं, आणि मॅचच्या दिवशी समोरच्या पेठेचा माणूस रिक्षात घ्यायचा नाही. धंदा गेला खड्ड्यात. उसने घेतलेले पैसे मात्र त्यानं कधी परत केले नाहीत. तुझेही गेलेच असणार.

एक प्रसंग तुला सांगायचा राहिला होता. 2022 मध्ये 6 मेला, शाहू महाराजांच्या स्मृतिशताब्दीला, सकाळी दहाला सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. मी नेमका गोलीच्या रिक्षात, बिंदू चौकाजवळ. यानं इंजिन बंद केलं, खाली उतरला, खाकी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि हात जोडून उभा राहिला. मागं एक बाहेरगावची गाडी होती. त्याला काही कळेना, तो हॉर्न वाजवायला लागला. गोलीनं शिवी दिली नाही, नुसतं वळून बघितलं. हॉर्न बंद. नंतर माझ्याकडनं मीटरप्रमाणं पूर्ण पैसे घेतले, एक रुपया सोडला नाही.

त्याच वर्षी थंडीत स्टॉपवरच गेला, हार्टनं. पंचगंगेवर नेला. आपल्याकडं महापालिका अंत्यसंस्काराचा पैसा घेत नाही, शेणीसुद्धा तिथंच मिळतात. तू इतकी वर्षं बाहेर आहेस म्हणून सांगतो, त्या दिवशी वहिनींना कुणापुढं हात पसरावा लागला नाही तो त्यामुळं. रक्षाविसर्जनाला कावळा शिवेना. बायको, पोरं, भाऊ, सगळ्यांनी सांगून बघितलं. शेवटी मागनं कुणीतरी ओरडलं, "गोल्या, यंदा कप आपलाच!" आणि शिवला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही, कावळ्याला भूक लागली असणार. पण सगळा घाट हसला. स्मशानात एवढं मोठ्यानं हसलेलं मी दुसऱ्यांदा ऐकलेलं नाही.

आपण 'लाइट' म्हणायचो त्याची गोष्ट वेगळी. गॅदरिंगला पेट्रोमॅक्स सांभाळणारा पोरगा पुढं केशवराव भोसले नाट्यगृहात प्रकाशयोजनेला उभा राहायला लागला. पडद्यासमोर कधी आला नाही. दारूनं गेला. स्मरणिकेत तसं छापायचं नाही, 'अल्पशा आजाराने' म्हणायचं, असा कमिटीचा निरोप आहे. दहा-बारा वर्षं चाललेला आजार अल्पसा कसा रे? 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री नाट्यगृह जळालं. शाहू महाराजांनी 1915 मध्ये बांधलेलं ते पॅलेस थिएटर, आणि दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. लाइट त्याआधीच गेला होता, आणि जो तो म्हणत होता, "बरं झालं, त्याला हे बघावं लागलं नाही." मला ते पटलं नाही. तो असता तर कुठली खुर्ची कुठं होती, कुठल्या बारवर कुठला दिवा टांगायचा, हे सगळं तोंडपाठ सांगत राखेत फिरला असता. त्यासाठी तरी हवा होता.

दहावीनंतर हायवेवर गेलेल्या आपल्या मॉनिटरबद्दल मी काय लिहू? त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. त्याच्याबद्दल चार ओळी पुरतील, आणि हेच वाईट आहे.

खरं अडलंय ते तिच्याशी. पहिल्या बाकावरची, गुजरीत राहणारी, डावखुरी. शाईचं पेन वापरायची आणि लिहिलेल्यावरनंच हात पुढं सरकायचा, त्यामुळं करंगळीची कड दिवसभर निळी. उजव्या हातानं लिही म्हणून एका सरांनी किती छळलं, तरी बधली नाही. भूमितीत वर्गात तिला तोड नव्हती, हे तू तरी कबूल करशील. बारावी झाल्या झाल्या लग्न. मग नाव बदललं, आडनाव बदललं आणि आपल्यापुरती ती संपली. 2021 मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत गेली, ते आम्हाला फार उशिरा कळलं. पेपरात निधनवार्ता आली होती म्हणे, पण सासरच्या नावानं. आपण सगळे रोज सकाळी चहाबरोबर ते पान उघडणारी माणसं. तिच्या ओळीवरनं आमच्यातल्या किती जणांची नजर गेली असेल आणि पुढं सरकली असेल! पोरांचं बरं असतं. गोली मेला तर अख्ख्या पेठेला तासाभरात कळतं. वर्गातल्या निम्म्या पोरी आज कुठं आहेत, आहेत की नाहीत, कुणी सांगू शकत नाही, आणि कमिटी 'दिवंगत' म्हणून यादी पाठवते त्यात बहुतेक पोरंच. ही यादी खरी कशी मानायची?

म्हणून तुला लिहितोय. तिच्या भावाशी तुझी ओळख होती, तुम्ही रंकाळ्यावर पोहायला एकत्र जायचा. त्याचा ठावठिकाणा असेल तर कळव. लग्नानंतर तिनं काय केलं, शिकवण्या घेतल्या का, पुढं शिकली का, पोरंबाळं काय करतात, काहीही चालेल. फोटो तर दहावीच्या ग्रुप फोटोतलाच आहे, त्यात तिनं नेमकी मान वळवलीय. आणि गोलीच्या उसनवारीचं लिहू का नको, तेही सांग. मी लिहिणारच आहे, तरी विचारतो.

मजकूर पंधरा तारखेपर्यंत छापखान्यात द्यायचाय, तेव्हा आळस करू नको. फोन नको, लिहूनच पाठव, फोनवर तू नुसता राजकारणावर घसरतोस. वहिनींना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

तुझाच,
मागच्या बाकावरचा

ता. क. गेट-टुगेदरला येणार असशील तर मुक्काम आमच्याकडंच. लॉजचं नाव काढलंस तर आई बोलणार नाही तुझ्याशी.