दूध ओतणारी बाई आणि आमची आई

प्रिय संज्या,

जूनमध्ये अ‍ॅमस्टरडॅमला जाताय आणि काकूंना म्युझियममध्ये न्यावं का, कंटाळतील का, असं विचारलंयस. ने रे बाबा. आमची आई पण "मला त्या चित्रांतलं काय कळतंय" म्हणत हॉटेलवरच थांबणार होती, तिला अक्षरशः ओढत राइक्सम्युझियमला नेलं.

गंमत म्हणजे तिथे बिल्डिंगच्या पोटातून आरपार सायकलींचा रस्ता आहे, म्हणजे वर रेम्ब्रांटची चित्रं आणि खालून लोक ऑफिसला चाललेत. आईला तेच इतकं आवडलं की आत जायच्या आधी दहा मिनिटं सायकलीच बघत बसली.

आत गेल्यावर मी नेहमीसारखा मूर्खपणा केला, सगळं बघायचंच म्हणून पळत सुटलो. रेम्ब्रांटचं 'नाइट वॉच' बघितलं, १६४२ चं, जवळजवळ पंधरा फूट रुंद, आणि तरी ते अख्खं नाहीये बरं का, १७१५ मध्ये टाऊन हॉलच्या भिंतीवर मावेना म्हणून चारही बाजूंनी कापलं होतं! आपल्याकडे पडद्याचं कापड कापतात तसं. मी हे आईला रंगवून सांगतोय आणि मागे बघतो तर आई गायब.

सापडली ती बाहेरच्या मोठ्या दालनात, वरमीर नावाच्या डच चित्रकाराच्या दूध ओतणाऱ्या बाईसमोर. हे चित्र जेमतेम दीड फूट आहे, मी तर एक फोटो काढून पुढे गेलो होतो. आई म्हणाली, "ही शिळ्या पावाचं काहीतरी गोड करतेय बघ, तुकडे करून ठेवलेत आणि दूध बघ किती बारीक धारेनं ओततेय." नंतर हॉटेलवर वाचलं तर अभ्यासकांपैकीही काहीजण हेच म्हणतात, ब्रेड पुडिंग! मग तिने भिंतीतला खिळा दाखवला, त्याची सावली दाखवली, जमिनीवरची पाय शेकायची पेटी दाखवली (ती काय आहे ते मला पाटी वाचून कळलं). आणि ती मागची पांढरी भिंत आहे ना, तिथे वरमीरने आधी भांडी टांगायची फळी काढली होती आणि मग स्वतःच रंगवून बुजवली, हे २०२२ मध्ये स्कॅन करून सापडलं. आईला सांगितलं तर म्हणे बरं केलं, पसारा वाटला असता.

पाऊण तास होतो तिथे.

मग तिथल्याच एशियन पॅव्हिलियनमध्ये चोळकालीन नटराज. दीड मीटर उंच, ब्राँझ, आतून पोकळ नाही, भरीव, हे तपासायला १९९९ मध्ये रॉटरडॅमच्या कस्टमवाल्यांच्या मशीनमधून ट्रकसकट एक्स-रे काढला होता. एवढं धूड उत्सवात खांद्यावरून मिरवायचे म्हणजे भोई काय असतील विचार कर. आईने इकडेतिकडे बघितलं, हळूच सँडल काढल्या आणि हात जोडले. गार्ड बघत होता पण काही बोलला नाही. मला आधी लाज वाटली, मग लाज वाटल्याची लाज वाटली.

असो. तिकीट ऑनलाइनच काढ, वेळ निवडावी लागते, आणि सकाळची पहिलीच घे. पाठीवरची सॅक आत नेऊ देत नाहीत. एका दिवसात दोन म्युझियमं अजिबात नको, दुपारनंतर पाय बोलायला लागतात. आणि काकू कुठे थांबल्या तर हाक मारू नकोस, तूच मागे जा.

त्या पावाचं आईने घरी आल्यावर करून बघितलं, वेलची घालून. आलास की खायला घालतो.

तुझाच,
पक्या