मिठाला जागणे, पण उलटे

मा. संपादक,

हैतीचे लेखक फ्रँकेतियेन यांच्यावरील रविवार पुरवणीतल्या लेखात त्यांच्या शैलीला 'गोंधळ' म्हटले आहे आणि त्यांच्या 'देझाफी' या कादंबरीचा अनुवाद फ्रेंचवरून सहज करता येईल, असे सुचवले आहे. दोन्ही पटत नाही.

रेने फिलोक्तेत आणि झाँ-क्लोद फिन्योले यांच्यासह त्यांनी १९६०च्या दशकात मांडलेला स्पायरलिझम (सर्पिल लेखनाचा विचार) शंखाच्या वेढ्यासारखा चालतो. वाक्य परत येते, पण एक वेढा पुढे सरकून. दोन शब्द बदललेले असतात. त्यांच्या 'अल्ट्राव्होकाल' या पुस्तकावर (१९७२) तर 'कादंबरी'ऐवजी 'स्पिराल' (सर्पिल) असेच छापले आहे. अनुवादकाने आधी अशी परतणारी वाक्ये पेन्सिलीने खुणावून घ्यावीत. पुनरुक्ती समजून संपादकाने ती कापली की पुस्तकाचा कणाच मोडला. वाक्यांमधले तिरके दंडही तसेच ठेवावेत. ते श्वासाचे थांबे आहेत; तिथे स्वल्पविराम घातला की ठेका जातो.

'देझाफी' (१९७५) ही हैतियन क्रेओलमधली, म्हणजे हैतीच्या लोकांच्या बोलीतली, पहिली कादंबरी. शीर्षकाचा अर्थ कोंबड्यांच्या झुंजींचा मोठा मेळा. १९७९चे फ्रेंच पुस्तक हा तिचा अनुवाद नव्हे. लेखकाने तीच गोष्ट नव्याने लिहिली आहे. फ्रेंचवरून मराठी केले तर ते त्या दुसऱ्या पुस्तकाचे होईल. क्रेओल मजकूर मोठ्याने वाचत, बोलीतच आणावा. कादंबरीतल्या मालक सेंतिलच्या भातशेतीत राबणाऱ्यांसाठी कोकणातली चिखलणी-लावणीची भाषा आयती आहे. प्रमाण मराठीची इस्त्री फिरवू नये.

खरी अडचण दोन शब्दांची. 'झोंबी' म्हटले की आपल्याला कुस्ती आठवते आणि इथे तर अंगातली झुंजच काढून घेतलेली, सेंतिलच्या शेतात राबणारी माणसे आहेत. निदान पहिल्या उल्लेखाला 'जिवंत प्रेत' असे काही जोडावे लागेल. दुसरा शब्द मीठ. हैतीच्या लोकसमजुतीप्रमाणे या प्रेतांना अळणी खायला घालतात, कारण मीठ चाखले की ती भानावर येतात. सेंतिलची मुलगी सिल्ताना प्रेमापोटी त्यांच्यातल्याच क्लोदोनिसला मीठ देते. तो जागा होतो, इतरांना जागे करतो आणि सगळे मालकावर उठतात. हैतीतल्या दुव्हालिएंच्या हुकूमशाहीत हे कशाबद्दल आहे, ते वाचणाऱ्याला सांगावे लागत नव्हते. आपल्याकडे मिठाला जागणे म्हणजे धन्याशी इमान राखणे. हा वाक्प्रचार अनवधानाने पानावर उतरला तर बंडाची चाकरी होईल. जाणून वापरला तर मात्र मूळ क्रेओलला न मिळालेली एक धार मराठीला मिळेल.

– एक वाचक, रत्नागिरी